शांत तासाचं ढोल-ताशांत उद्घाटन

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामावर लिहा, पण जरा प्रेरणादायी असू द्या. दिवाळीचा अंक आहे." मी हो म्हणाले. समोरच्याला हो म्हणायचं आणि मग आपल्याला करायचं तेच करायचं, ही सवय मला नोकरीनेच लावली आहे. तेव्हा ज्यांना चकलीबरोबर प्रेरणा लागते त्यांनी सरळ पुढच्या लेखावर जावं. मला इथे थोडं भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं त्यांत मीही आहे, पण तो माझा नंबर जरा उशिरा येईल.

माझं काम एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून लग्नकार्यात कोणी विचारलं की मी "शाळेत होते" म्हणून मोकळी होते. ते खोटंही नाही. वाशीतल्या एका विशेष शाळेत मी बावीस वर्षं स्वमग्न मुलांना शिकवलं. मुलं मोठी झाली, शाळेतून बाहेर पडली आणि घरात जाऊन बसली, कारण बाहेर पाऊल टाकलं की त्यांना बाहेरचं सोसायचं नाही. आम्ही वर्षानुवर्षं त्यांना दुकानात कसं वागायचं ते शिकवत राहिलो. दुकानाने त्यांच्याशी कसं वागावं हे शिकवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. निवृत्त झाल्यावर ते काम मी अंगावर घेतलं. दुकान असो, हॉटेल असो, दवाखाना असो, जो बोलावेल त्याच्याकडे जायचं, जागा तपासायची आणि स्वमग्न माणसाला इथे काय काय टोचतं ते सांगायचं.

तपासते म्हणजे काय करते? एक स्टूल मागते, जागेच्या मधोमध ठेवते आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून बसते. जे ऐकू येईल ते मधूनमधून वहीत टिपते. फ्रीजची घरघर. ट्यूबलाइटच्या चोकचं गुणगुणणं. गल्ल्यावरचा तो डबा, जो अमुक रुपये जमा झाल्याचं सगळ्या गल्लीला ओरडून सांगतो. मग वास टिपते, अगरबत्तीपासून फिनेलपर्यंत. शेवटी डोळे उघडून जे जे लुकलुकतंय ते. तुम्हाआम्हाला यातलं बहुतेक काही जाणवतच नाही, कारण आपल्या डोक्याच्या गेटवर एक वॉचमन बसलेला असतो आणि तो नको ते आत सोडत नाही. स्वमग्न माणसाच्या गेटवर वॉचमन नाही. सगळं एकदम आत घुसतं. मग तो माणूस कान झाकतो, ओरडतो, पळतो, आणि आपण म्हणतो, काय बाई वागतो हा!

मॅनेजर लोक पहिली पाच मिनिटं माझ्याकडे आदराने बघतात. नंतर काउंटरवरच्या मुली कुजबुजायला लागतात. एका ठिकाणी डोळे उघडले तर समोर लिंबू सरबत. मला चक्कर आली असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

या धंद्यात एक गोष्ट कळली. लोकांना स्वागत करायची हौस फार असते, फक्त पाहुणा येऊन बसला नाही म्हणजे झालं. नेरूळच्या एका हॉटेलवाल्याने दारावर झोकात पाटी लावली होती: 'विशेष मित्रांचे हार्दिक स्वागत'. मी विचारलं, या विशेष मित्रांना बसवणार कुठे? त्याने अभिमानाने एक टेबल दाखवलं. हात धुवायचं बेसिन आणि हात वाळवायचं मशीन यांच्या बरोबर मधे.

"इथे कोणाला त्रास होणार नाही, मॅडम."

कोणाला म्हणजे बाकीच्या गिऱ्हाइकांना. मी त्याला सांगितलं, हे मशीन सुरू झालं की तुमच्या विशेष मित्राला डोक्यावरून विमान गेल्यासारखं वाटेल, ते बंद करा. त्याने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पण ते नवीन आहे."

दुसरा एक दवाखाना. मोठा, चकाचक, सानपाड्याच्या बाजूला. त्यांनी माझं ऐकून खरोखर एक 'शांत खोली' केली. मंद दिवा, जाड पडदा, एक गादी. माझा ऊर भरून आला. तीन महिन्यांनी सहज डोकावले, तर आत दोन मोडक्या व्हीलचेअर, स्टाफच्या गणपतीचं मखर आणि शांत खोलीची माहिती देणाऱ्या पत्रकांचे गठ्ठे. ती पत्रकं वाटायला कोणाला वेळ झाला नव्हता.

आणि एप्रिल! एप्रिल आला की माझा फोन खणखणू लागतो. स्वमग्नतेचा जागतिक दिवस असतो ना. वर्षभर ज्यांना माझं नाव आठवत नाही, त्यांना एकाएकी निळा रंग आठवतो. निळे टी-शर्ट, निळा केक, निळे फुगे. फुगा कधीही फट्‌कन फुटेल या धास्तीने ज्या माणसाला खोलीत बसवत नाही, त्याच्या स्वागताला दोनशे फुगे! हे मी एकूण एक आयोजकाला सांगितलं आहे. सगळे मान डोलावतात आणि मग विचारतात, "मग फिकट निळे चालतील का?" पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाही निदान पाणी तरी हातात लागतं.

आता कमलताई आणि रोहिणी. कमलताई तुर्भ्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. मूळच्या लातूरकडच्या, लग्न होऊन आल्या, नवरा लवकर गेला, कोपरखैरण्याच्या वन रूम किचनमध्ये एकटीने मुलगी वाढवली. ती रोहिणी, माझी विद्यार्थिनी. आता एकोणतीस वर्षांची आहे. लेखात नाव घालू का म्हणून परवा विचारलं, तर कमलताई म्हणाल्या, "घाला की. पन त्या मॉलवाल्याचं पन छापा." ते छापता येत नाही, म्हणून मॉल निनावी राहणार. खारघरला आहे, एवढ्यावर भागवा.

रोहिणी फार कमी बोलते. बोलते तेव्हा एखादाच शब्द, पण तो नेमका. तिचा सगळ्यात आवडता शब्द 'बंद'. घरात मिक्सर लागला की बंद. शेजारचा टीव्ही मोठा झाला की भिंतीकडे बघून बंद. शाळेत असताना तर ती नुसतं म्हणायची नाही, उठून सरळ बटण दाबायची. पंखा करकरला, दाबलं बटण. एकदा मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना माइकचं बटण दाबलं. तेव्हा मी तिच्यामागे लागले. 'दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही.' चित्रं काढून, बक्षिसं देऊन, रागावून दोन वर्षं हा एकच धडा घोटवला. अखेर तिने बटणं दाबणं सोडलं. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'वर्तनात चांगली सुधारणा'. लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

दीडेक वर्षापूर्वी कमलताई माझ्या घरी आल्या. दोन मजले चढून दम लागला होता. पाणी पिऊन म्हणाल्या, "मॅडम, डाक्टर म्हनतो हार्टचा वॉल बदलावा लागंल. आपरेशन. मी बोलले थांब."

"थांब काय? कशासाठी?"

"रोहिणी ज्या दिवशी एकटी दुकानात जाऊन दूध, ब्रेड आनि तिची बिस्किटं घेऊन यील, त्या दिवशी मी डाक्टरला हो बोलनार."

"अहो, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न. शेजारी आणून देतील."

"आठ दिवस आनतील. चांगली लोकं हायेत," कमलताई शांतपणे म्हणाल्या. "मी टेबलावरनं उटलेच नाय, तर किती दिवस आनतील?"

दूध, ब्रेड, बिस्किटं. रोहिणी ती एकटीने आणेल की नाही यावर तिच्या आईचं ऑपरेशन अडलं होतं.

नेमकं तेव्हाच खारघरच्या त्या मॉलमधून बोलावणं आलं. तिथला तरुण मॅनेजर केतन, कडक इस्त्रीचा कोट, गळ्यात ओळखपत्र. त्याला आठवड्यातून एक 'शांत तास' करायचा होता. "मॅडम, एक इन्क्लुझिव्ह व्हाइब आली पाहिजे," तो म्हणाला. व्हाइबचं मला माहीत नव्हतं, पण तळमजल्यावरच्या सुपरमार्केटात दूध-ब्रेड मिळतो हे माहीत होतं; घरापासून लांब, पण सुरुवात तरी झाली असती. मी माझं स्टूल घेऊन कामाला लागले. दर मंगळवारी अकरा ते बारा गाणी बंद, अर्धे दिवे बंद, 'लकी ड्रॉ'च्या घोषणा बंद. गेटवरची बाई अंग चाचपते ते बंद. "हॅलो मॅम, नवीन परफ्यूम ट्राय कराल?" करत अंगावर येणाऱ्या मुलींना तासभर चहाची सुट्टी. केतनने सगळं मान्य केलं. बोर्ड लावायच्या आधी तीन मंगळवार गुपचूप करून पाहायचं ठरलं.

ते तीन मंगळवार माझ्या उभ्या कारकिर्दीतले सगळ्यात चांगले दिवस होते, हे सांगताना मला लाज वाटत नाही. पहिल्या मंगळवारी रोहिणी आईचा हात धरून आत गेली. दुसऱ्या मंगळवारी आई चार पावलं मागे. तिसऱ्या मंगळवारी कमलताई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि रोहिणी एकटी आत गेली, दूध घेतलं, ब्रेडच्या पाकिटावरची तारीख वाचून ते परत ठेवलं, मागचं ताजं घेतलं, बिस्किटं घेतली आणि बाहेर आली. कमलताईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. "मॅडम," त्या म्हणाल्या, "आनखी एक मंगळवार. मग डाक्टरला फोन लावते."

त्याच संध्याकाळी केतनचा फोन. "मॅडम, आता फॉर्मल उद्घाटन करून टाकू."

"नको. गुपचूप चाललंय ते चालू द्या."

"छोटेखानी कार्यक्रम हो, मॅडम. दहा मिनिटं. आणि तुमचा सत्कार ठेवलाय."

आता माझा नंबर आला. बावीस वर्षांच्या नोकरीत मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही निरोपाच्या दिवशी, आणि ते मागे पडतं. सत्कार म्हटल्यावर मी विरघळले. आपल्याकडे छोटेखानी कार्यक्रम म्हणजे काय असतो हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण मी मनाची समजूत घातली की दहाच मिनिटं आहेत. कमलताईंना म्हटलं, नेहमीसारखंच अकराला या. रोहिणीला वेळ बदललेली चालत नाही, म्हणून अकराच.

मंगळवारी मी सिल्कची साडी नेसून पोचले, तर दारात निळ्या फुग्यांची कमान. कमानीपुढे लाल गालिचा, मंच, सात खुर्च्या आणि बाजूला ढोल-ताशा पथक. पंचवीस-तीस तरुण पोरं-पोरी, कमरेला ढोल बांधून. मी केतनला कोपऱ्यात घेतलं.

"हे काय आहे? शांत तासाचं उद्घाटन आहे ना?"

"मॅडम, तास उद्घाटनानंतर सुरू होणार. आत्ता कुठे झालाय?" हे तो इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला की क्षणभर मलाच पटलं.

प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला. साडेदहाचा कार्यक्रम पावणेअकरा होऊन गेल्यावर सुरू झाला. सूत्रसंचालक माइकवर ओरडत होता, "शांततेसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या! आवाज आला नाही!" मंचावर माझं नाव पुकारलं. खांद्यावर शाल पडली, एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ. आणि अकराच्या ठोक्याला, हातात कापडी पिशवी घेऊन, रोहिणी दारात आली. तिच्या मागे कमलताई.

ताशा कडाडला आणि ढोलांवर टिपरू पडलं. रोहिणीने पिशवी टाकून दोन्ही हातांनी कान दाबले. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण मला सांगायची गरज नव्हती. ती गर्दीत कोणालातरी शोधत होती, आणि तिला मी सापडले. तिने माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, इकडे बघा." आणि मी तिकडे बघितलं.

मी तिकडे बघितलं आणि हसले. दोन सेकंद असतील. परत वळले तेव्हा प्रमुख पाहुणे मंचावरून उतरून 'आमच्या पहिल्या विशेष ग्राहका'ला मागून शाल पांघरत होते. ज्या मुलीला न विचारता बोट लावलेलं चालत नाही तिच्या अंगावर मागून कापड पडलं. ती खाली बसली आणि किंचाळली, स्वतःच्या मनगटाला चावली. लोकांनी मोबाईल वर धरले. ढोल वाजतच होते, कारण थांबायचा इशारा ज्याने द्यायचा तो व्हिडिओ काढत होता. मी नारळ कुठे ठेवू ते शोधत राहिले. कमलताई मात्र गर्दीत घुसल्या, लोकांना कोपरांनी ढकललं, लेकीवर पाखर धरल्यासारख्या ओणव्या झाल्या आणि तशाच तिला बाहेर घेऊन गेल्या. त्यांना लागलेली धाप मला मंचावरून दिसत होती. स्वमग्न म्हणे! त्या मंचावर आम्ही सातजण होतो.

रात्री केतनने फोटो पाठवला. 'कव्हरेज मस्त मिळालं, मॅडम.' फोटोत मी हसते आहे. रोहिणीचा कोपरा कापून टाकलेला आहे. पुढे केतनला बढती मिळाली असं ऐकलं. शांत तासाचा बोर्ड अजून तिथे आहे, आणि मंगळवारी अकरा वाजता त्याच्या खाली उभं राहिलं की गाणी छान ऐकू येतात.

रोहिणी त्यानंतर चाळीस दिवस जिना उतरली नाही. कमलताईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी कानाला खडा लावला, पुन्हा सत्कार घेणार नाही. पण खडा माझ्या कानाला लावून रोहिणीच्या कानांचं काय भलं होणार होतं? आणि तिकडे डॉक्टर कमलताईंना दर खेपेला आधीपेक्षा मोठ्या आवाजात रागावत होता.

कमलताईंच्या बिल्डिंगसमोरच, रस्ता ओलांडला की, शिंद्यांचं किराणा दुकान आहे. शिंदे साताऱ्याकडचे. अख्ख्या सेक्टरमध्ये त्यांच्याइतका तुसडा दुकानदार नाही, म्हणून कमलताई तिथे कधी जात नसत, आणि म्हणून मीही तो विचार केला नव्हता. आता दुसरा मार्ग उरला नव्हता. एका दुपारी घरून स्टूल घेऊनच गेले.

"काय पायजे?"

"पंधरा मिनिटं इथे बसू देता का?"

"बसायला गार्डन हाय म्होरं."

मी सगळं समजावून सांगितलं. शिंदे साखर बांधत ऐकत होते. मग म्हणाले, "आवो बाई, आमच्या दुकानात येड्या-शहाण्याला समदं सारखं. आमाला शिकवाया येऊ नका."

"ती वेडी नाही."

"मग बोलत का न्हाई?"

"तुम्ही तरी कुठे बोलता कोणाशी?"

शिंद्यांनी पुडीला दोरा गुंडाळला, तोडला आणि कबूल केलं, "त्ये बी खरंच."

मी बसले, डोळे मिटले, वही उघडली. आणि वहीत लिहिण्यासारखं फारसं निघेना. या माणसाने अठरा वर्षांत दुकानातली एक वस्तू हलवली नव्हती, कारण कंटाळा. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नव्हता. "अजून काय?" विचारत नव्हता. हसत तर नव्हताच. नकली हसण्याचं प्रशिक्षण दिलेल्या पन्नास सेल्सगर्ल्सना मी जे पढवून थकले होते, ते हा बाबा निव्वळ खडूसपणाने पाळत आला होता. खटकलं ते तीनच. एक फडफडणारी ट्यूब, एक रेडिओ आणि गल्ल्यावरचा ओरडणारा डबा. दुपारी तीन ते चार, जेव्हा तसंही कोणी फिरकत नाही, तेव्हा रेडिओ बंद ठेवायला शिंदे तयार झाले. ट्यूब बदलली. डब्याला त्यांनी आपलं जुनं बनियन गुंडाळलं. "ह्याचं उद्घाटन-बिद्घाटन न्हाई ना?" त्यांनी विचारलं. मी गळ्याची शपथ घेतली.

मग पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत. आठवडाभर रस्त्याच्या अलीकडे नुसतं उभं राहून दुकान बघायचं. मग उंबरा. गेल्या वर्षीचा पावसाळा त्यात गेला. दसऱ्याच्या सुमारास रोहिणी आत जाऊन दूध, ब्रेड, बिस्किटं घेऊन यायला लागली, पण कमलताई रस्त्याच्या अलीकडे उभ्या असतील तरच. आई दिसेनाशी झाली की पाऊल थांबायचं. आणि आईला आता जिना चढवत नव्हता. डॉक्टरने शेवटी विचारणं सोडलं आणि तारीखच दिली.

कमलताई नेरूळच्या हॉस्पिटलात भरती झाल्या, पण संमतीच्या कागदावर सही करेनात. "आज तीन वाजता ती एकटी जानार हाय. मी नाय तितं. आनलं तर सही. नाय तर मला घरी सोडा." रोहिणीला त्यांनी सकाळी चित्रांची चिठ्ठी करून दिली होती. शेजारणीकडे किल्ली होती, पण तिने घराबाहेर यायचं नाही, खिडकीतूनही बघायचं नाही, असा हुकूम होता.

मी पलंगाशेजारी बसले होते. नर्स दोनदा कागद विचारून गेली. पावणेतीन वाजता मला आठवलं की दिवाळी चार दिवसांवर आली आहे. दिवाळीत दुकानदार काय करतो? माळा लावतो. लुकलुकणाऱ्या, धावणाऱ्या, लाल-हिरव्या. दुनियेला स्टूलावर बसून शहाणपण शिकवणारी मी, शिंद्यांना माळांबद्दल बोलायला विसरले होते. फोन लावला. उचलला नाही. तीन वाजले. सव्वातीन. कमलताईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या माझ्या फोनकडे बघत होत्या.

तीन वीसला तो वाजला. शिंदे. आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरज नव्हती, तरी मी लावला. माझा चेहरा वाचत बसण्यापेक्षा त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं.

"बाई! तुमच्या त्या पोरीनं काय क्येलं म्हाईत हाय का?"

"काय झालं?"

"आली. दारात हुबी ऱ्हायली. माळा लावल्यात मी, दिवाळीच्या. म्हणली, बंद. म्या ध्यान दिलं न्हाई. परत म्हणली, बंद. म्या म्हटलं, गप घे काय घ्यायचं त्ये. तर सरळ आत आली, माझ्या गल्ल्यामागं, आन मेन स्विच खाली वढला! माळा बंद, फ्रीज बंद, पंखा बंद, समदं बंद!"

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय! आमच्या दुकानात दुपारचं बी काळोख असतोय. त्या अंधारात दूध घेतलं, ब्रेड घेतला, बिस्किटं घेतली. पडंल-बिडंल म्हणून म्या मोबाईलचा टॉर्च लावला. तर माझ्याकडं बघून म्हणती, त्यो पण बंद."

"मग?"

पलीकडे शिंदे खाकरले. "मग क्येला बंद," ते म्हणाले. "दोघं हुबं अंधारात. तिनं पैसं दिलं, स्विच वर क्येला आन ग्येली. जिना चढस्तोवर बघितलं म्या. पोचली."

फोन ठेवला. कमलताई हसत होत्या. हसताना दम लागत होता, छातीवर हात दाबून हसत होत्या. मग नर्सला हाक मारून त्यांनी पेन मागितलं.

"मॅडम," कागद मांडीवर ओढत त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बटनाला हात लावू नको म्हनून तुमी तिला शाळेत शिकवलं होतं ना?"

"हो. दोन वर्षं."

"बरं झालं विसरली," कमलताई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.